नाव कोरलेला भोपळा

दुपारचं जेवण झालं आहे. खिडकीशी आरामखुर्चीत मी टेकतो. मांडीवर एक कागद, त्यावर सात वेळा खोडून आठव्यांदा लिहिलेली ओळ: ‘श्री. शमुवेल आल्हाट गुरुजी यांच्या चाळीस वर्षांच्या निःस्वार्थ सेवेप्रीत्यर्थ.’ ‘निःस्वार्थ’पाशी पेन पुन्हा अडतं.

चर्चमागे, मी मुलांना बायबल शिकवत आलो त्या रविवारच्या शाळेसाठी, नवी खोली झाली आहे. तिच्या दारावर संगमरवरी पाटी बसणार आहे. मंडळीचे सेक्रेटरी वाघचौरे सकाळीच सांगून गेलेत, “गुरुजी, मजकूर तुम्हीच द्या. पाच वाजता येतो, तसाच पाटी कोरणाऱ्याकडे जातो.” माझं हेडमास्तर व्हायचं राहून गेलं. आदर्श शिक्षक पुरस्कार दोनदा दारावरून पुढे गेला. ही पाटी मला हवी आहे. पंच्याहत्तराव्या वर्षी खोटं कशाला बोलू?

पंखा फिरतो आहे. पेन बोटांतून सुटतं, ते खाली पडल्याचा आवाज मात्र येत नाही.

“अहो, धरा की त्या बाजूनं! मी एकटीनं किती उचलू?”

सुवार्ता आहे. माझी बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली हे मला माहीत आहे; पण तिनं पदर खोचलेला आहे, कपाळावर घाम आहे, तेव्हा मी काही विचारत नाही. धरतो.

आमच्या दोघांमध्ये एक लाल भोपळा आहे.

हा भोपळा मी ओळखतो. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी परसात धरलेला. आमच्याकडे कापणीच्या सणाला प्रत्येक घर आपलं पहिलं फळ वेदीपुढं नेऊन ठेवतं. कुणाचं कोणतं, ते कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. मी काय केलं, तर भोपळा मुठीएवढा असतानाच खिळ्यानं त्यावर माझं नाव कोरलं. सालीवरचा ओरखडा फळाबरोबर वाढतो. सणापर्यंत अक्षरं चांगली बोटभर झाली आणि साऱ्या मंडळीनं वाचली. सुवार्तानं मग दोन दिवस भाजीत मीठ तेवढं घातलं नाही.

“अजून तोच भोपळा?” मी विचारतो.

“तोच. वाढतोय अजून. तुम्ही थांबू दिलंत कुठं?”

परसातून पाऊल टाकतो, ते माझ्या जुन्या शाळेच्या वर्गात. वर्गातून नदी वाहते आहे. मुलं गुडघाभर पाण्यात बसून पाढे म्हणताहेत आणि कुणी भिजत नाही. भोपळा एव्हाना बैलगाडीएवढा झाला आहे. मुलांनी वाचावं म्हणून मी तो मुद्दाम त्यांच्याकडे वळवतो.

“वाचा बरं, काय लिहिलंय?”

पहिल्या ओळीतली दोन वेण्यांची मुलगी मान मागेपुढे करून बघते. “अक्षर फार मोठंय गुरुजी. दिसतच नाही.”

“झालं समाधान?” सुवार्ता म्हणते. “चला.”

समोर चर्चचं दार. तेच, निळ्या रंगाचं, खालच्या बाजूला पावसानं फुगलेलं. भोपळा आत जात नाही.

“तिरका करा.”

“तिरका केला.”

“मग तुम्ही तिरके व्हा.”

मी तिरका होतो, वाकतो, दम लागतो. आणि आतून कुणीतरी हाक मारतं.

“शमुवेला.”

ही सुवार्ता नव्हे. तिनं बेचाळीस वर्षांत माझं नाव एकदाच घेतलं, तेही उखाण्यात. हा आवाज हळू आहे. ताट वाढून ठेवल्यावर घरातून मारतात, तशी ही हाक.

“मला बोलावतायत,” मी म्हणतो.

“मग जा की.”

“आणि हे? यावर नाव आहे माझं. ते वाचूनच बोलावलं असेल ना?”

ती कमरेवर हात ठेवते. “वाचून बोलावलं असतं, तर आधी ‘श्री.’ लावलं असतं.”

मला हसू येतं. तिलाही येतं. हसताना हात सैल पडतात, मी घाबरून पुन्हा आवळतो.

“सोडला तर फुटेल गं.”

“फुटू दे.”

“तू कशी गेलीस आत?”

“तुमच्या चहाचा कप होता हातात. तो ओट्यावर ठेवला, नि गेले.”

ती गेली त्या दिवशी तो कप मला सापडला होता. गार झालेला, वर बशी झाकलेली.

मी भोपळा सोडतो. आवाज होत नाही. दार होतं तेवढंच आहे आणि मी सरळ आत जातो.

आत बाक नाहीत, वेदी नाही. उजेड आहे. मी त्याच्याकडे बघतो आहे की तो माझ्याकडे, हे सांगता येत नाही, इतका तो जवळ आहे. जन्मभर मुलांना मी त्याच्याविषयी शिकवलं, आणि आता सांगायला एकही वाक्य लागत नाही. मला काही नको आहे. खरंच नको आहे.

“हं,” मागून सुवार्ता म्हणते. “आता घालते मीठ.”

पंखा फिरतो आहे. घड्याळात पाचाला दहा कमी. फाटकापाशी मुलांचा गलका सुरू झाला आहे. कागद जमिनीवर पडला आहे, पेन त्याच्या शेजारी. मी कागद उचलतो, उलटा करतो आणि कोऱ्या बाजूला दोन शब्द लिहितो: ‘मुलांची खोली’. खोडावं लागत नाही.

“गुरुजी, झालं का?” बाहेरून वाघचौरे विचारतात.

“झालं. या.”

उठताना लक्षात येतं, डावी मूठ अजून मिटलेलीच आहे. उघडतो. आज घरात मेथी केली होती, काल वांगी. तळहाताला लाल भोपळ्याची एक बी चिकटली आहे, ओली, कडेला केशरी धागा असलेली.