खंडेनवमीच्या फोटोखालचं वाक्य

टायर कंपनीच्या इतिहासाचं चकचकीत पुस्तक मांडीवर घेऊन मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला आईबाबांच्या सोफ्यावर बसलो होतो आणि मला मळमळत होतं. बायकोच्या मते त्याला आईचे साबुदाणावडे कारणीभूत होते. असतील. आमच्या घरात माझ्या भावनांचं निदान पोटापासूनच सुरू होतं.

पण पुस्तकही साधं नव्हतं. पहिल्या पानावर अमेरिकेतला एक माणूस शेडमध्ये रबर शिजवतोय, जगाला चाकं देण्याचं स्वप्न बघतोय. मग कारखाने, रेसच्या गाड्या, हसऱ्या बायका. ज्यांनी झाडांना चिरा पाडून चीक गोळा केला त्या माणसांना मिळून एकच ओळ, आणि तीही ‘आव्हानात्मक काळ’ अशी. हे वाचूनही ज्याला मळमळत नाही त्याने खुशाल आणखी वडे खावेत.

कंपनीच्या इथल्या कारखान्यात बाबांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. कच्चं टायर तापलेल्या साच्यात दाबून शिजवायचं, हे त्यांचं काम. ते घरी आले की दारातूनच गंधकाचा वास यायचा. त्यांची उशी कितीही धुतली तरी करडीच राहायची आणि सकाळी बेसिनमध्ये काळं थुंकलेलं असायचं. शाळेतली मुलं मला ‘जळका’ म्हणायची. कारखाना कधीच बंद झाला, तिथे आता फ्लॅट्स आहेत. आता कंपनी स्वतःच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवत होती आणि त्यांच्याकडून एक मुलगी बाबांचं शूटिंग करायला येणार होती. रीडिंग गावातल्या माझ्या घरून त्यांना ईमेलवर ‘विथ प्लेझर’ लिहिणारा शहाणा अर्थातच मी. ऑफिसात मला कोणी मीटिंगलाही बोलवत नाही, तेव्हा म्हटलं, निदान वडिलांचं तरी नाव होऊ दे.

पुस्तकाच्या शेवटाकडे बाबांचा फोटो होता. टायर दाबायच्या प्रेसला झेंडूची माळ, लोखंडावर हळदकुंकू, पुढे नारळ आणि हात जोडलेले पाच तरुण. त्यातला भांग पाडलेला तरुण म्हणजे बाबा. खाली छापलं होतं, ‘आमचं कुटुंब सण साजरा करताना.’

“हे वाक्य खोटं आहे,” बाबा म्हणाले. “ते काढायला सांगायचंय. त्यासाठीच तिला येऊ देतोय.”

“खोटं म्हणजे?”

“तिलाच सांगेन.”

मुलगी आली. गोड होती, चिवडा मागून घेतला, बूटही न सांगता काढले. कॅमेरा लावून तिने विचारलं, “कंपनी तुमचा सण साजरा करायची तेव्हा कसं वाटायचं? कुटुंबासारखं?”

आणि इंग्रजीत बोलायची वेळ आली की बाबांचं जे होतं तेच झालं. माणूस खुर्चीत अर्धा झाला. “येस, येस. व्हेरी नाइस.”

मला शिसारी आली. तिची नाही, कंपनीचीही नाही, त्या ‘व्हेरी नाइस’ची, कारण रोज ऑफिसात मी तेच बोलतो, फक्त माझे उच्चार बरे आहेत.

“आता तुमच्या भाषेत बोला ना,” ती म्हणाली. “छान वाटेल.”

बाबा सरळ बसले. “खंडेनवमी होती,” ते मराठीत म्हणाले. “हत्यारांची पूजा करतात. आमचं हत्यार ते प्रेस. त्यात दोघांची बोटं गेली होती, म्हणून म्हटलं, हात जोडू या. टी-ब्रेकमध्ये केली पूजा. मॅनेजर कॅमेरा घेऊन आला, म्हणाला, हलू नका. आम्हाला वाटलं, कौतुक करतोय. मी मूर्ख, केस नीट केले! मग तोच फोटो पुरावा म्हणून ऑफिसात दाखवला. मशीन घाण केलं म्हणे. आम्हाला तारेच्या ब्रशने कुंकू खरवडायला लावलं आणि नारळ त्याने पायाने लोटून भंगाराच्या पिंपात टाकला.”

“अहो, पाहुणी आहे!” आई पुटपुटली.

“मग पाहुणीला कळू दे.”

मुलगी माझ्याकडे वळली. “किती सुंदर बोलले! काय म्हणाले?”

मी गुळगुळीत शब्द जुळवू लागलो. “ही इज सेइंग... वेल...” बाबा माझ्याकडे बघत होते. मग मी सगळं सांगितलं, पाय आणि पिंपासकट. तिने कॅमेरा बंद केला.

“हे आम्हाला दाखवता येणार नाही,” ती हळूच म्हणाली.

“दाखवू नका,” बाबा इंग्रजीत म्हणाले. “पण ते वाक्य काढा.”

प्रदर्शनाला आम्ही सगळे गेलो. तिथल्या सँडविचला प्लास्टिकची चव होती आणि मोठ्या पडद्यावर अमेरिकेतला तो माणूस अजून स्वप्न बघत होता. त्या फिल्ममध्ये बाबा कुठेच नव्हते. फोटो मात्र भिंतीवर होता. खालची जागा कोरी होती, वाक्य उपटल्याचे गोंदाचे डाग तेवढे दिसत होते.

एक गोरी बाई नातवाला घेऊन फोटोपुढे थांबली. “इथे काय चाललंय?” तिने स्वतःशीच विचारलं.

“एक्स्क्यूज मी,” बाबा पुढे झाले. “दॅट इज मी. आय विल टेल यू.”

मी मदतीला निघालो, तर आईने माझी बाही धरली.