आईचा काउंटर आणि शेजारचा गाळा

आमच्या मुलुंड पूर्वेच्या ग्राहक भांडारात आई काउंटरवर होती. कागदोपत्री ती विक्रेती. प्रत्यक्षात गिऱ्हाइकाला हवं ते न देणं हे तिचं मुख्य काम. मध्ये लांबलचक लाकडी काउंटर, त्याच्या पलीकडे सगळा माल आणि आई, अलीकडे पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बायका. कुणी बासमती मागितला की आई विचारायची, "का गं, कोण येणारे?" कुणी येणार नसेल तर मुकाट्यानं कोलम मिळायचा. महिन्यात दुसऱ्यांदा पावडरचा डबा मागितला तर, "पहिला खाल्लास की काय?" हे सगळं भर गर्दीत, खणखणीत आवाजात. त्यामुळे कुणाकडे मुलगी बघायला येणार आहेत आणि कुणाच्या सासूला साखर बंद केलीय, हे अख्ख्या कॉलनीला भांडारातच कळायचं.

बायका चिडायच्या, पण यायच्या. एक तर वाण्यापेक्षा माल स्वच्छ. शिवाय दिवाळीच्या तोंडावर पामतेल आलं की ते कुणाच्या पिशवीत जाणार हे आई ठरवायची. त्या दिवसांत बँकेतल्या साहेबांची बायकोसुद्धा तिला "अहो ताई" म्हणायची. घरी आल्यावर आई पोटऱ्यांना तेल चोळत बसायची, उभं राहून राहून शिरा फुगल्यात म्हणून कुरकुरायची, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी तयार व्हायची. वडील साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते, हाताखाली माणसं होती, पण कॉलनीत त्यांची ओळख 'भांडारातल्या ताईंचे मिस्टर' एवढीच. त्यांनी ती फारशी कटकट न करता मान्य केली होती.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना भांडाराच्या शेजारची लाँड्री बंद पडली आणि तिचा गाळा रिकामा झाला. आमच्या भांडाराच्या उपनगरांत बऱ्याच शाखा होत्या, आणि दादरच्या मुख्य कचेरीतल्या मंडळींना नुकतंच नव्या जमान्याचं वारं लागलं होतं. त्यांच्यापुढे दोन बेत होते. एक म्हणजे शेजारचा गाळा घ्यायचा, भिंत पाडायची आणि मोठं दुकान करायचं. उघडे रॅक, हातात बास्केट, ज्यानं त्यानं आपला माल उचलायचा आणि दारात पैसे भरायचे. काउंटर कायमचा बंद. दुसरा बेत साधा होता. आहे त्याच दुकानाला रंग मारायचा, गळकं छप्पर नीट करायचं आणि जुनंच चालू ठेवायचं. मोठं दुकान एकाच शाखेत करणं कचेरीला परवडणार होतं. आमच्याकडे नाही जमलं तर ते बोरिवलीला जाणार होतं.

"उघडे रॅक?" आई घरी येऊन म्हणाली. "आणि मी काय करू? दारात बसून लोकांच्या पिशव्या चाचपू?"

वडील म्हणाले, "बसायला तरी मिळेल." त्या रात्री त्यांना शिळी पोळी मिळाली.

कचेरीनं ठरवलं की आठवडाभर प्रयोग करून बघू. अर्ध्या दुकानात उघडे रॅक, अर्ध्यात आईचा काउंटर. दोन्हीकडे तोच माल, दोन्हीकडे वेगळा गल्ला. जिकडे विक्री जास्त, तो बेत मंजूर. रॅकच्या गल्ल्यावर बसायला दादरहून एक कारकून आला. त्याला शब्दकोडी सोडवायचा नाद होता आणि आठवडाभर पंख्याखाली खुर्ची मिळाल्यामुळे तो एकंदरीत सुखात होता.

आईही काही कमी नव्हती. आदल्या रविवारी तिनं बायकांना घरी हळदीकुंकवाला बोलावलं. संक्रांत नाही, चैत्र नाही, हे कसलं हळदीकुंकू असं कुणी विचारलं नाही, कारण बटाटेवडे होते. वडे संपल्यावर आई मुद्द्यावर आली.

"आठवडाभर सगळ्यांनी माझ्याकडूनच सामान न्यायचं. नाहीतर माझी वाट लागली समजा."

"अगं, हे काय सांगायला हवं?" सगळ्या म्हणाल्या. समोरच्या मालवणी मावशींनी तर गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली. "तुझो काउंटर सोडून मी दुसरीकडसून मीठसुदा घेवचंय नाय."

सोमवारी दुकान उघडलं आणि त्याच बायका रॅकवर तुटून पडल्या.

त्यांचीही चूक नव्हती म्हणा. इतकी वर्षं माल आईच्या पाठीमागे असायचा आणि तो त्यांनी फक्त लांबून बघितलेला. आता प्रत्येक साबण हुंगता येत होता. एकीनं सगळ्या साबणांचा वास घेतला आणि मग शंका आली म्हणून पुन्हा पहिल्यापासून घेतला. चहाच्या पुड्या कानाशी नेऊन हलवल्या गेल्या, का ते कुणालाच माहीत नव्हतं. आई काउंटरमागे एकटी उभी होती. मी दुपारचा डबा द्यायला गेले तेव्हा तिचा चेहरा इतका उतरला होता की मला त्या सगळ्या बायकांकडून वडे परत मागावेसे वाटले.

तेवढ्यात मालवणी मावशी आल्या. हातात रॅकवरचा साबण, रवा, चहा. सगळं त्यांनी आईसमोर मांडलं. "घे. लिव पावती."

"अहो मावशी, हे तिकडचं. पैसे तिकडे भरायचे."

"मगे? शब्द तुका दिलंय ना? बघलंय थंय, घेतंय तुझ्याकडसून. माझा काय चुकला?"

त्यांच्या मागे रांग लागली होती, आणि प्रत्येकीच्या हातात रॅकवरचा माल होता. ताईंना शब्द दिलाय म्हणजे पैसे ताईंच्या हातात पडले पाहिजेत, माल कुठून उचलला हा प्रश्न त्यांच्या डोक्यातच नव्हता. आईनं विचार करायला फार वेळ घेतला नाही. ती पावत्या फाडायला लागली. आठवडाभर हेच चाललं. कारकुनाला वाटत होतं, बायका माल बघतात आणि परत ठेवतात, आणि वर मान करून खात्री करण्याइतका तो मोकळा नव्हता.

शनिवारी दुपारी दुकान जेवणासाठी बंद असताना भांडाराचे अध्यक्ष आणि हिशेबनीस आले. मी डबा घेऊन गेले होते. कुणी हाकललं नाही म्हणून काउंटरमागे एका पोत्यावर बसून राहिले. अध्यक्ष सफारीत होते आणि 'सहकार' हा शब्द उच्चारताना डोळे मिटायचे. हिशेबनिसानं रॅकवरचा माल मोजला, रॅकचा गल्ला मोजला, परत माल मोजला आणि अध्यक्षांच्या कानाला लागला. काउंटरमागचा माल मोजायचं त्याच्या मनात आलं असेलही, पण तिथे आई उभी होती.

अध्यक्ष खाकरले. "काउंटरची विक्री उत्तम. रॅकवरचा माल मात्र निम्म्याहून जास्त गेलाय आणि गल्ल्यात काही नाही. तेव्हा चित्र स्पष्ट आहे. ह्या वस्तीत उघडं दुकान चालायचं नाही. हात लांब आहेत इथल्या लोकांचे. मोठं दुकान बोरिवलीला देऊ. इथे रंग मारून घ्या, काउंटर राहू द्या. ताई, तुम्ही आपली बाजू छान सांभाळलीत."

मला पोत्यावरच नाचावंसं वाटलं. काउंटर वाचला होता. आईनं फक्त मान हलवायची होती. मी तिच्याकडे बघितलं तर तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या लाल झाल्या की घरात आम्ही सगळे आपापल्या कामाला लागायचो.

"हात लांब म्हणजे?" ती म्हणाली.

"आता ताई, उघड बोलायला नको."

"बोला ना. चोर म्हणायचंय का?"

आईला सत्याची फार ओढ होती असं कुणी समजू नये. कॉलनीतल्या बायकांना ती स्वतः रोज चिकट, उधळ्या, आळशी आणि खोटारड्या म्हणायची. पण तो तिचा हक्क होता. दादरहून टॅक्सीनं आलेल्या माणसानं तो बजावावा हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

तिनं मागची कपाटं धडाधड उघडली. "हे बघा साबण. हा रवा. ही साखर. आठवडाभरात यातलं पाकीट हललेलं नाही. पावत्या माझ्या, माल तिकडचा. बायकांनी तिकडे निवडलं आणि पैसे मला आणून दिले, कारण मीच तसं वदवून घेतलं होतं. सगळे पैसे माझ्या गल्ल्यात आहेत. चोर कुणाला म्हणता? मोजा आधी!"

हिशेबनीस निमूटपणे काउंटरमागे आला आणि मोजायला लागला. मला पोत्यावरून उठवून त्यानं ते पोतंही मोजलं. सगळं जमलं.

अध्यक्षांचा चेहरा हळूहळू खुलत गेला. "म्हणजे ताई," ते म्हणाले, "लोकांना स्वतःच्या हातानं निवडायला आवडतं तर."

आईनं उघडी कपाटं एकेक करून बंद केली. मग म्हणाली, "आवडतं. हुंगत बसतात मेल्या."

गाळा घेतला गेला. भिंत पडली, ट्यूबलाइटा लागल्या, आणि आईच्या काउंटरची फळी कापून तिचे रॅक झाले. आईला निळा एप्रन मिळाला आणि रॅकच्या मधे उभं राहून गिऱ्हाइकांना लागेल ती मदत करायची असं काम मिळालं. पहिल्या दिवशी सगळी कॉलनी लोटली. मालवणी मावशींनी तर बास्केट कपाळाला लावून नमस्कार केला. "ताई, झकास झालंय हं!" म्हणत बायका आईच्या अंगावरून पुढे जात होत्या. एकीनं बासमती उचलला. आईचं तोंड उघडलेलं मी बघितलं. मग तिनं ते मिटलं, आणि ती बाई पुढच्या रॅककडे गेली.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "कसं काय झालं?"

"छान. गर्दी होती," आई म्हणाली. ती खुर्चीवर बसली होती, एप्रन अजून अंगावर होता. "एकीनंही काही विचारलं नाही हो." आणि तिला रडू फुटलं. नोकरीवरून तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्या बायकांचा राग आला, त्या अध्यक्षाचाही आला. वडिलांनी उठून टीव्ही बंद केला आणि ते तिच्या शेजारी नुसते उभे राहिले.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी स्वयंपाकघरातून विचारलं, "आई, आमटीला कुठली डाळ घेऊ गं?"

"तुला हवी ती घे," ती म्हणाली.