डावं पायडल

आमच्या घरात मला ‘उलट्या आट्याची’ म्हणतात. नाव मोठ्या दिरांनी ठेवलं. मी ते मुकाट ऐकून घेते असं कुणाला वाटत असेल, तर खुशाल वाटू द्या.

जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कारखान्यात मला काम लागलं, तिथून ही भानगड सुरू झाली. ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते लिहायचं, एवढंच काम. पण लिहायचं होतं! बारावी होऊन लग्न झालं, त्याला नऊ वर्षं झालेली. नऊ वर्षांत हातात खुरपं आलं, विळा आला, पेन काही आलं नव्हतं. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “आठ दिवस बघू. एक जरी खाडा झाला तर दुसरीला घेऊ.” माहेरून आलेली शाळेतली सायकल मी पुसून काढली आणि जायला लागले.

दिरांना ते खपलं नाही. आमचे हे ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर, म्हणून घराच्या अब्रूची काळजी दिरांनी अंगावर घेतलेली. आमच्यात मोठे दीर धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाहीत, तिनेही बोलायचं नसतं. जे काय बोलायचं ते सासूच्या, म्हणजे आत्याबाईंच्या तोंडून. मी समोर भाकरी वाढत असताना ते आईला म्हणायचे, “आई, सांग तिला. बाईमाणूस सायकलवर टांग टाकून निघालं, लोक हसू राह्यले.” आत्याबाई माझ्याकडे वळून तेच पुन्हा सांगायच्या. जसं काही मी बहिरीच!

चौथ्या दिवशी सकाळी डबा अडकवून सायकल ओढली, तर उजवं पायडल गायब. नुसती दांडी लोंबत होती. डावं मात्र जागेवर होतं, त्याच्या आजूबाजूला पान्याचे ओरखडे. दीर ओट्यावर चहा पीत बसलेले. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

“आई, सांग तिला,” दीर बशीतून वर न बघता म्हणाले, “लैच घाई असंल तर एका पायानं जा म्हणाव.”

माझ्या डोक्यात सणक गेली. बरं, एका पायानं तर एका पायानं! पदर खोचला आणि बसले सायकलवर. डाव्या पायानं दाबायचं, चपलेच्या टोकानं पायडल वर उचलायचं, परत दाबायचं. उजवा पाय नुसता लोंबता. पारावरची माणसं बघत होती, नळावरच्या बाया बघत होत्या. एक जण म्हणाला, “अगं बाई, सर्कशीत चालली का काय?” मी म्हटलं, “हो, या बघायला!” रडू येत होतं, पण ते फाट्यापर्यंत दाबून धरलं.

फाट्यावर सायकल दुरुस्तीवाले चाचा बसतात. त्यांनी डब्यातून एक जुनं लाल पायडल शोधून काढलं आणि बसवायला घेतलं. मी म्हटलं, “चाचा, पाना माझ्याकडं द्या. उद्या परत काढलं तर मी रोज तुमच्याकडं येऊ का?” ते हसले आणि पाना दिला.

“आधी हातानं आटे धरू दे. जल्दी नको करू, वाकडं घुसलं तर दांडी वाया जाती. मंग पाना. ध्यानात ठेव, पुढच्या चाकाकडं फिरवलं की बसतं, मागच्या चाकाकडं फिरवलं की निघतं. दोन्ही बाजूला.”

मग त्यांनी डाव्या पायडलाला पाना लावून बघितला. “हे कुणी आवळलं एवढं? काढायला गेल्ता वाटतं कुणीतरी. डाव्याचे आटे उलटे असतात. सुलटं समजून जेवढा जोर लावंल तेवढं घट्ट बसंल.”

मी रस्त्यावर एकटीच खदाखदा हसले. चाचांनी पाना माझ्याकडेच राहू दिला. कारखान्यात वेळेत पोचले, काळ्या हातांनी दाणे मोजले.

त्या दिवसापासून संध्याकाळी घरी आले की मीच दोन्ही पायडलं काढायची आणि उशाशी पिशवीत ठेवायची. सकाळी अंगणात सगळ्यांदेखत बसवायची, एक काळं, एक लाल. आठ दिवस गेले, एक खाडा नाही. मला कायम केलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी पाना फिरवत होते. दीर ओट्यावरून म्हणाले, “आई, बघ तिच्याकडं. हिचे आटेच उलटे हायेत.”

आत्याबाईंनी तोंड उघडलं, पण मी त्यांना थांबवलं. उठले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा सरळ दिरांकडे तोंड केलं.

“भाऊजी, डाव्या पायडलाचे आटे उलटेच असतात. सुलटे असते तर चालता चालता सैल होऊन गळून पडलं असतं. तुम्हाला ते ठाऊक न्हवतं म्हणून ते तुम्हाला निघालं न्हाई. दोन्ही निघाली असती तर त्या दिवशी मी घरी बसले असते.”

आत्याबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. हसायला गेल्या की रडायला, मी विचारलं नाही. पाना पुढच्या चाकाकडे शेवटचा फिरवला, पिशवीत टाकला आणि निघाले. उशीर होत होता.