भावाच्या डाव्या हातासाठी शोधलेले गेम

नवा गेम आला की मी आधी एकच गोष्ट तपासायचे. डाव्या हाताची किती बोटं लागतात? चित्रं कशी आहेत, गोष्ट कसली आहे, राक्षस किती आणि कपडे किती, हे सगळं नंतर. वहीत बोटांचा रकाना पहिला होता.

माझं वय बावन्न. परळच्या एका रुग्णालयात मी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. ड्यूटी लिस्ट करणं, औषधांचं कपाट लावणं, कोणाची रजा कोणाच्या रजेवर आदळते ते आठवडाभर आधी हेरणं, यात अर्धं आयुष्य गेलं. अशा बाईने गेम खेळावेत याचं लोकांना हसू येतं. येऊ दे. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि भोईवाड्याच्या घरात आम्ही नवराबायको एकमेकांची तोंडं बघत बसलो, त्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने माझ्या लॅपटॉपवर एक गेम टाकला. म्हणाला, "ताई, आमच्या टोळीत सगळे शूर आहेत, शहाणं कोणी नाही. तू ये."

टोळी म्हणजे देशभरातले आठ जण. रविवारी सकाळी दहाला सगळे इंटरनेटवरून त्या गेमच्या राज्यात उतरायचे आणि कानाला माइक लावून मोठ्या राक्षसांवर चालून जायचे. कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मी नर्स आहे कळल्यावर सगळ्यांनी मला जखमा बऱ्या करायचं काम देऊ केलं. मी म्हटलं, ते मी पगार घेऊन करते, मला धनुष्य द्या. मग हळूहळू याद्या माझ्याकडे आल्या. कोण डावीकडे, कोण उजवीकडे, राक्षस आग ओकायला लागला की कोणी पळायचं. भाऊ ढाल घेऊन सगळ्यांत पुढे. सगळा मार त्याने स्वतःवर घ्यायचा, म्हणजे मागच्यांना काम करता येतं. जुन्या गेममध्ये चालणं माउसवरच होतं. जिथे क्लिक कराल तिथे माणूस चालत जायचा. डाव्या हाताला जवळजवळ काही काम नव्हतं.

ते बरं होतं. कारण फोर्टातल्या त्याच्या ऑफिसच्या लिफ्टचं जाळीचं दार भावाच्या डाव्या हातावर आपटलं होतं. तीन बोटं दारात चेंगरली. बोटं वाचली, पण ती वाकत नाहीत. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं चालतं. तेव्हापासून गिरगावातल्या त्यांच्या वाडीत कोणीही त्याला पिशवी उचलू देत नाही. तो "राहू द्या" म्हणतो, तोवर पिशवी दुसऱ्याच्या हातात गेलेली असते. लग्नकार्यात नातेवाईक त्याचा हात हातात घेऊन बाजारातल्या फणसासारखा उलटासुलटा करून बघतात. टोळीत मात्र हे कोणाला माहीत नव्हतं. तिथे त्याच्याकडून चूक झाली की सगळे मिळून त्याला शिव्या घालायचे. त्या शिव्या तो जेवणासारख्या पोटभर घ्यायचा. मी बहीण असून मला हे कळायला फार उशीर झाला.

जुना गेम तीन महिन्यांत बंद होणार अशी सूचना आली तेव्हा टोळीत आधी रडारड झाली, मग भांडणं. मी म्हटलं, गप्प बसा, मी नवा शोधते. वही काढली, रेघा मारल्या आणि कामाला लागले.

तेव्हापासून जे पाहिलं त्याने माझं मन विटलं. हल्ली येणाऱ्या प्रत्येक गेमला ‘अ‍ॅक्शन’ पाहिजे. म्हणजे काय, तर कोलांट्या. राक्षसाने हात उचलला की तुम्ही कोलांटी मारायची. त्याने पाय उचलला की दुसऱ्या बाजूला कोलांटी. पूर्वी लढाईच्या आधी अर्धा तास बोलणं व्हायचं. आता लढाईआधी केस निवडायचे. पहिला गेम मी उघडला त्यात नुसता चेहरा बनवायला माझी चाळीस मिनिटं गेली. भुवयांच्या मधलं अंतर कमीजास्त करायला वेगळी पट्टी होती. पदर उडतो, केस उडतात, पाण्यात सावली पडते. आणि लढायला उतरलं की डाव्या हाताच्या चार बोटांनी चालायचं, त्याच वेळी उजव्या हाताने मान वळवायची, आणि त्याच वेळी कोलांटी. वहीत लिहिलं: बोटं चार आणि अंगठा. बाद.

दुसरा आकाशातून खाली बघावं तसा दिसणारा. त्यात माउसने चालता येत होतं, म्हणून मला आशा वाटली. पण त्यात राक्षस झुरळांसारखे येतात आणि झुरळांसारखेच मरतात. एका टिचकीत पन्नास. मेल्यावर प्रत्येकातून वस्तू सांडतात, आणि खेळणारे त्या वेचत बसतात. आठ जण एकत्र उतरलो तरी खाणावळीत आठ अनोळखी माणसं एका टेबलावर जेवावीत तसं, ज्याचं लक्ष त्याच्या ताटात. ढालीचं कामच नाही. राक्षस एका टिचकीत मरतो तिथे मार खाणारा लागतो कशाला?

तिसरा मोबाइलवरून वाढून कॉम्प्युटरवर आलेला. त्यात कोपऱ्यात एक बटण आहे. ते दाबलं की पात्र आपलं आपण चालतं, लढतं, जिंकतं, बक्षीस घेतं आणि पुढच्या कामाला लागतं. आपण बघत बसायचं. मी उत्साहाने भावाला फोन केला. "अरे, याला एकही बोट लागत नाही!"

"मग ताई, मी मेल्यावर लाव ना तो. तिरडीवर ठेव मोबाइल."

मी फोन ठेवला आणि त्या गेमवर काट मारली. इशारा तेव्हाच समजायला हवा होता.

आणखी एक चीड सांगते. या नव्या गेममध्ये याद्यांची गरज उरलेली नाही. बटण दाबलं की यंत्र तुम्हाला चार अनोळखी माणसांबरोबर जोडून देतं. लढाई सात मिनिटांची. संपली की चौघं नमस्कार न करता गायब. कोणाचं नाव लक्षात ठेवायचं नाही, कोणाची वाट बघायची नाही, कोणावर रागवायचं नाही. बनवणारे याला सोय म्हणतात. माझ्यासारखीला त्यात उभं राहायला जागा नाही.

चौथा गेम अजून बाजारात यायचा होता. नोंदणी केलेल्यांना आधी काही आठवडे खेळून बघायला देत होते. आमच्या आठही जणांची नोंदणी मी केली. यात हत्तीएवढा मोठा राक्षस होता, ढालकरी होता, आणि लढाई पाऊण तासाची. फक्त ढालकऱ्याने नुसता मार खायचा नाही. घाव अंगावर येतो त्या नेमक्या क्षणी ढाल उचलायची. डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ. उशीर झाला की सगळी टोळी आडवी. पण कोणतं काम कोणत्या बटणावर ठेवायचं हे यात आपण ठरवू शकत होतो, आणि तिथे माझं डोकं चाललं. बाजूला जास्तीची बटणं असलेला एक माउस आणला. चालणं उजव्या हाताकडे, ढाल डाव्या अंगठ्याकडे, ओरडून राक्षसाला स्वतःकडे ओढणं डाव्या बोटाकडे. दोन शनिवार गिरगावला जाऊन आम्ही हे बसवलं.

"हे बटण इथे नको," तो म्हणाला. "अंगठा अडकतो."

"मग इथे?"

"तिथे तुझं डोकं ठेव. अगं खाली, खाली घे."

"सरळ बोल की. मी काय तुझी ज्युनिअर आहे?"

"तुझ्या ज्युनिअरांची दया येते मला," तो म्हणाला. आतून भावजय ओरडली, "मला पण येते!"

पहिल्या रविवारी तो सव्वीस वेळा मेला. मी मोजलं. टोळीतला एकजण, इंदूरचा असावा, माइकवर किंचाळत होता, "अबे अंधा है क्या, हाथी दिखता नहीं तेरे को?" भाऊ उलट ओरडत होता, "हाथी दिखता है, तू नहीं दिखता, तू किधर छुपा है डरपोक?" दुसऱ्या रविवारी चौदा वेळा मेला. तिसऱ्या रविवारी राक्षसाची ताकद निम्म्यावर आली. भावजय मला म्हणाली, "ताई, ऑफिसातून आले की हे हाताचा व्यायाम करतात. मी सांगितलं तेव्हा कधी केला नाही."

चौथ्या रविवारी मला सकाळची ड्यूटी आली. एका सिस्टरच्या घरी कोणीतरी गेलं होतं, तिची पाळी मी घेतली. टोळी माझ्याशिवाय उतरणार होती.

आमच्याकडे पाळी बदलताना हँडओव्हर असतो. जाणारी सिस्टर येणारीला एकेका खाटेची माहिती देते. काय झालंय, काय चालतं, काय चालत नाही, कशाकडे लक्ष ठेवायचं. काही लपवायचं नाही, कारण लपवलेल्या गोष्टीनेच माणूस दगावतो. तीस वर्षं मी हे केलंय. हँडओव्हर दिल्याशिवाय मला वॉर्डातून पाय काढता येत नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला, घरातून निघण्याआधी, मी टोळीच्या मोबाइल ग्रुपवर सगळ्यांच्या जागांची यादी टाकली. भाऊ त्या ग्रुपवर नव्हता. मोबाइलवर टाइप करायचा त्याला कंटाळा. यादीखाली मी हिंदीत लिहिलं की ढालकरी माझा सख्खा भाऊ आहे, अपघातात त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं निकामी झाली आहेत, तिसऱ्या टप्प्यात त्याचा हात थकतो, तेव्हा शेजारी कोणीतरी उभं राहा आणि त्याला घाई करू नका. क्रमवार मुद्दे, पाच ओळी. वाचून पाहिलं, नीट होतं. पाठवलं आणि बस पकडली.

दुपारी ड्यूटी संपवून फोन उघडला तर अंगठे, हात जोडलेले, हृदयं. "दीदी टेन्शन मत लो, भाई को हम सँभाल लेंगे." खाली दुसरा निरोप: राक्षस पडला! पहिल्यांदाच. मी आनंदाने तशीच गिरगावची बस पकडली. वाटेत पेढे घेतले.

भाऊ खिडकीशी बसला होता. पेढ्यांकडे त्याने पाहिलंही नाही.

"तू सांगितलंस ना त्यांना?"

"काय?"

"आज मी अकरा वेळा चुकलो. एकाने शिवी दिली नाही. इंदूरवाला म्हणाला, ‘कोई बात नहीं भैया, आराम से.’ भैया! तिसऱ्या टप्प्यात दोघं माझ्या पुढे येऊन उभे. ढाल माझ्या हातात, आणि मार ते खातायत. राक्षस मेला तर सगळे मलाच शाबासकी देतात. मी काय केलं? मी पिशवी उचलली का?"

"अरे, मी नव्हते आज. काही झालं असतं तर…"

"काय झालं असतं? मेलो असतो. आणखी एकदा मेलो असतो."

"मी खोटं काय लिहिलं त्यात?"

"काहीच नाही. सगळं खरंच लिहिलं असशील. तू खोटं कधी लिहितेस?" मग हळू म्हणाला, "एवढी एकच जागा होती ताई. तिथेही तू मला खाट दिलीस."

मी बचाव केला. माझं म्हणणं अजूनही पूर्ण चुकीचं वाटत नाही मला. पाच ओळींनी जे काम झालं ते आधीच्या तीन रविवारांत झालं नव्हतं. राक्षस पडला होता. पण हे त्याला सांगायला गेले तर तो म्हणाला, "हो. छान मॅनेज केलंस." आणि उठून आत गेला.

तो टोळीत परत आला नाही. पुढचे दोन रविवार सगळे विचारत राहिले, "भाई कैसे हैं अब?" जणू तो आजारी होता. तिसऱ्या रविवारी मला त्या प्रश्नाची इतकी चीड आली की मीच माइक काढून ठेवला. टोळी नंतर विखुरली. तो चौथा गेम रीतसर बाजारात आला, लोक त्याचं कौतुक करतात. मी उघडला नाही.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी दादरला काही खरेदी होती, तिथून पुढे गिरगावला गेले. रविवार सकाळ होती, दहा वाजून गेले होते. भावजयीने दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"खेळतायत," ती म्हणाली. "नवीन कुठलातरी."

"कुठला?"

ती गॅसकडे वळली. "ताई, रागावू नका. सांगायचं नाही म्हणालेत. तुम्हाला तर नाहीच."

मी चहा घेत बसले. आतून बटणांचा आवाज येत होता आणि स्पीकरवरून कुठल्यातरी पोराचा चिरका आवाज, "अबे टकले, सोया है क्या? उठा ना ढाल!" भावाने त्याला त्याच्या आईबापांसकट असं काही ऐकवलं की भावजयीने कानावर हात ठेवले. मग तो मोठ्याने हसला. लिफ्टच्या त्या दारानंतर मी त्याला असं हसताना ऐकलं नव्हतं.

लक्ष देऊन ऐकलं तर मला कळत होतं. ढालीचा खटका दर वेळी जरासा उशिरा पडत होता. अंगठ्याचं बटण बहुतेक परत वर गेलं होतं. दोन मिनिटांचं काम होतं, एक बटण बोटभर खाली घ्यायचं. आत पुन्हा धप्प झालं, पुन्हा शिव्या आल्या, पुन्हा त्याने परत दिल्या.

भावजय म्हणाली, "थांबा ना, होईल त्यांचं अर्ध्या तासात." मी म्हटलं, बस चुकेल. कप विसळून ठेवला आणि जिना उतरले.