आमच्या घराने दिलेली मुलाखत

आमच्या साखरा गावात इंटरनेट आहे. फक्त ते आमच्या गच्चीवर राहतं, तेही पाण्याच्या टाकीशेजारी.

त्याच टाकीला टेकून मी एम.ए.च्या प्रवेशाची मुलाखत दिली. विषय समाजशास्त्र, विद्यापीठ शहरातलं. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "प्रवेश भेटला तर जाय होस्टेलला. न्हाई भेटला तर यंदा सोयरिकीचं बघू." म्हणजे एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला केसांना जेल लावणारा कळमनुरीचा एक मुलगा. (मामांनी त्याचा फोटो पाठवला होता. फोटोत तो दुसऱ्याच्या मोटारसायकलवर बसला होता.)

मदतीला पुण्याचा आतेभाऊ तेजस आला होता. तो इंजिनीअरिंगला आहे, त्यामुळे त्याला जगातलं सगळं येतं. त्याने मोबाइलवर सादरीकरण बनवून दिलं, स्क्रीन शेअर करायला कुठे दाबायचं ते दाखवलं आणि म्हणाला, "तू फक्त कॉन्फिडंट राहा गं." तशी इंटरनेटमध्ये मीही कच्ची नव्हते. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे स्टेटस मीच ठेवून देते!

अडचण एकच. आमच्याकडे प्रश्न एकाला विचारला तरी उत्तर सगळं घर देतं. डॉक्टरांनी मला "कुठे दुखतंय?" विचारलं, की आई पोट सांगते, बाबा डोकं सांगतात आणि मला दोन्हीच्या गोळ्या खाव्या लागतात. म्हणून सगळ्यांना टाकीला लागूनच असलेल्या जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर बसवून मी बजावलं, "मुलाखत होईस्तोवर कोणी तोंडातून शब्द काढायचा न्हाई."

"काहून? आमी काय भांडून राहिलो का?" आई म्हणाली.

"शब्द न्हाई म्हणजे न्हाई!"

"बराबर हाय," बाबा म्हणाले. "कोणी बोलू नका. काही सांगायचं असलं तर घरच्या ग्रुपवर टाका."

मला त्या वेळी ही सूचना फार समजूतदार वाटली.

मुलाखत सुरू झाली. पडद्यावर एक मॅडम आणि दोन सर. मी स्क्रीन शेअर केली, सादरीकरण उघडलं. स्पीकर मोठा होता, त्यामुळे प्रश्न जिन्यातही पोचत होते.

"तुम्ही स्वतः इंटरनेट कशासाठी वापरता?" मॅडमनी विचारलं.

"संशोधनपर लेख वाचण्यासाठी," मी ठणकावून सांगितलं.

टिंग! मोबाइलच्या माथ्यावर आईचा मेसेज उतरला: 'मोंढ्यातला सोयाबीनचा भाव बघते ते सांग. दिवसभर रील बघते ते नको सांगू.'

मी तो हळूच बोटाने वर सारला. मला वाटलं, तो मला एकटीलाच दिसतोय!

मॅडम जरा खोकल्या. "ग्रामीण आणि शहरी विद्यार्थ्यांच्या इंटरनेट वापरात काय फरक वाटतो?"

टिंग! तेजस: 'हे वाच.' खाली भलामोठा परिच्छेद. देवच पावला! मी तो उघडला आणि आठवल्यासारखं करत वाचू लागले, "डिजिटल दरी ही एक बहुआयामी संकल्पना असून..." मध्येच एका शब्दाला अडखळले, तर मॅडमनीच तो पुरा केला. काय हा व्यासंग, असं मला वाटलं.

टिंग! बाबा: 'पुण्याचं पोरगं आल्यापासून टाकी सोडून न्हाई राहिलं. रेंज गेली की त्याचं डोकं बंद. आपली पोरगी सगळं आधीच डाउनलोड करून ठेवते, ते सांग.'

टिंग! तेजस: 'मामा, मी मदत करतोय.'

टिंग! आई: 'भांडू नका. तिचं ध्यान उडून राहिलं.'

टिंग! बाबा: 'शेजारच्या पोरीच्या घरी एकच मोबाइल, तो भावाजवळ. तिचा अभ्यास हिच्या मोबाइलवर. हे मॅडमला कोण सांगणार?'

मी तेजसच्या परिच्छेदाच्या शेवटाला आले होते, "शेवटी तंत्रज्ञान हे दुधारी शस्त्र आहे..."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "बाबांना विचारा, ती मुलगी तुमच्याकडे केव्हा येते?"

मी मोबाइलकडे नीट पाहिलं, स्क्रीन अजून शेअरच होती. "मॅडम, तुम्हाला... दिसतंय?"

"पहिल्यापासून."

इकडे जिन्यातल्यांना ही बोलायची परवानगीच वाटली! तिघेही गच्चीवर आले. "सांजच्याला येते, रोटी झाल्यावर," बाबांनी बसकण मारत सांगितलं. आईने मॅडमना सोयाबीनचा ताजा भाव सांगितला. तेजसनेही रेंज गेल्यावर आपल्याला काही सुचत नाही हे कबूल केलं. मुलाखत छान रंगली. मी मोबाइल धरून उभी होते, कारण टाकीपासून हललं की रेंज जाते. मला रडू येत होतं. कळमनुरीहून मोटारसायकल निघालेली मला स्पष्ट दिसत होती.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. "अभिनंदन, प्रवेश मिळाला. गावातल्या मुली इंटरनेट कसं वापरतात, हे तुमच्यासारखं खरंखुरं कोणी सांगितलं नाही."

बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. जो तो माझी पाठ थोपटत होता आणि मी मान खाली घालून शाबासकी घेत होते. अख्ख्या मुलाखतीत मी माझ्या मनाने एकच उत्तर दिलं होतं, संशोधनपर लेखांचं. आणि खोटं निघालं ते तेवढंच!