सुयांचा अर्धा तास

टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करणाऱ्या बाई सोशिक म्हणून नावाजलेल्या होत्या. पहिल्या बाळंतपणात त्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता, हे सासूबाई कौतुकाने सगळ्यांना सांगत. दुसऱ्या वेळी नववा महिना लागला, तशी नणंद हट्टाने त्यांना ॲक्युपंक्चरवाल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

“सुयांनी बाळंतपण सोपं होईलच, असं मी म्हणणार नाही,” घोट्याजवळ केसासारखी बारीक सुई टोचत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण अर्धा तास नुसतं पडून राहा.”

नुसतं पडून राहणं बाईंना ठाऊकच नव्हतं. सुया टोचून घ्यायला तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

“दुखतंय का?”

“नाही हो. मागच्या बाळंतपणात भीतीने माझी वाचाच बसली होती. आणि सगळे शाबासकी देत होते.”

“मग या वेळी ओरडा की! कोण अडवतंय?”

कळा चौदा तास चालल्या, अगदी पहिल्याइतक्याच. पण या वेळी बाईंनी नवऱ्याला आत बोलावलं, त्याचा हात गच्च धरला आणि ओरडून दवाखाना डोक्यावर घेतला. मुलगी झाली. नवऱ्याचा हात दोन दिवस सुजलेला होता आणि तो ज्याला त्याला अभिमानाने दाखवत फिरत होता.