पंधरा सेकंद

माजलगावच्या कॉलेजच्या मैदानावर तो रोज सकाळी दिसायचा. एका हातात मुलीच्या चपला, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच. मुलगी पोलीस भरतीसाठी आठशे मीटर पळायची. बाकीचे बाप "पळ, पळ" म्हणून ओरडायचे, हा गप्प. ती पोचली की आकडा सांगायचा आणि तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघायचा.

मीही तिथं फिरायला जायचो. एकदा सहज माझ्या घड्याळात तिची वेळ लावली, ती चांगली आली. त्यानं मात्र पंधरा सेकंद वाढवून सांगितले. ती पाणी प्यायला गेल्यावर मी चिडून विचारलं, "कावून खोटं सांगता हो?"

"डॉक्टरनं माझ्या मांडीतून तार घालून काळजातल्या दोन जागा जाळल्यात," तो म्हणाला. "ठोके लई बिघडायचे. बापाकडून आलेला आजार हाय. बाप त्यानंच उभ्याउभ्या गेला. पळलं की वाढतोय. भरतीला लागतंय असं सांगून हिचीबी तपासणी केली. हिलाबी निघाला, पण हिला ठावं न्हाई. खरं सांगितलं तर गावभर होईल, मग लग्न कोण करील? वेळ बसत न्हाई म्हणल्यावर पळणं सोडंल आपसूक."

तेवढ्यात ती आली. "काका, तुमच्या घड्याळात किती?"

मी त्याच्याकडे पाहिलं आणि मीही पंधरा सेकंद वाढवूनच सांगितले.

तिनं खाली वाकून बुटांच्या नाड्या आवळल्या. "म्हणजे मीच कमी पडतीय. अण्णा, अजून दोन राउंड मारते."

ती सुटली, आधीपेक्षा जोरात. तो चपला छातीशी धरून उभा राहिला.